कलत्या ठिपक्याचा नेम

वेइयो पाकारिनेनने एकतीस वर्षं आमच्या भागातले रस्ते बर्फातून मोकळे केले. त्यातली एकोणीस वर्षं तो जखमी जनावरांच्या मागेही गेला. मोटारीने मूस, म्हणजे घोड्याएवढं थोरलं सांबर, किंवा हरीण उडवलं की पोलीस आमच्या शिकारी संघाला कळवतात, आणि ज्याची पाळी असेल तो जाऊन जनावराचे हाल संपवतो. पाळ्यांची यादी माझे यजमान ठेवत. ते गेल्यापासून मी ठेवते.

गेल्या नोव्हेंबरात दाट झाडीत एक मूस मागचे पाय मोडून पडली होती. आठ मीटरवरून वेइयोला रायफलीवरच्या, लांबच्या नेमाच्या दुर्बिणीत नुसते तपकिरी केस दिसले. पहिली गोळी भलतीकडे लागली, दुसरी घालावी लागली. तेरा तारखेला तो माझ्या स्वयंपाकघरात आला आणि टोपी न काढताच म्हणाला, "वहिनी, माझं नाव खोडा."

मी खोडलं नाही, पेन्सिलीने प्रश्नचिन्ह केलं. चाळीस किलोमीटरांत दुसरं कोणी नव्हतं.

त्याच्याबरोबर जखमी जनावराचा माग काढणारा कुत्रा आमच्या संघातल्या राइलीचा. तिने हिवाळाभर त्याच्या मागे लागून रायफलीवर, दुर्बिणीच्या उजव्या बाजूला, तिरकं बसणारं एक छोटं भिंग लावायला लावलं. त्यात लाल ठिपका दिसतो. जवळच्या जनावरावर तो ठेवायचा आणि चाप ओढायचा. पण आधी ठिपका आणि गोळी एका जागी आणावी लागतात. सतरा ऑगस्टला, शनिवारी, आम्ही तिघं त्यासाठी नेमबाजीच्या मैदानावर गेलो.

वेइयोने रायफल वाळूच्या पिशव्यांवर सरळ ठेवली आणि स्वतःची मान वाकडी करून भिंगात पाहिलं. पंचवीस मीटरवर गोळी खाली लागली. त्याने वरचा स्क्रू फिरवला. गोळी वर गेली, पण उजवीकडेही सरकली. डावीकडे आणायला गेला, तर ती आणखी वर चढली. नऊ गोळ्या झाल्या.

"याच्या अंगात आलंय," तो म्हणाला. "सोडून देऊ. माझ्याच्यानं होत नाही."

"मूससमोरही असाच बसणार का, बगळ्यासारखी मान मुरडून?" राइली म्हणाली. "म्हाताऱ्या, रायफल कलती कर!"

"रायफल कलती करायची नाही. सैन्यात सार्जंटने बोटांवर काठी मारून शिकवलंय."

"सार्जंटच्या रायफलीला हे भिंग होतं?"

वेइयोने पिशव्या बाजूला सारल्या. मग त्याने रायफल डावीकडे इतकी कलती केली की भिंग बरोबर नळीच्या वर आलं, आणि दोन्ही बाजूंनी पिशव्या कोंबल्या. आता स्क्रू वर फिरवला की गोळी फक्त वर, डावीकडे फिरवला की फक्त डावीकडे. सोळाव्या, सतराव्या आणि अठराव्या गोळीची भोकं कॉफीच्या कपाच्या बुडाखाली झाकली जातील इतकी जवळजवळ पडली.

मग त्याने आठ मीटरवरून, पिशव्यांशिवाय, उभ्याने तीन झाडल्या. तिन्ही शेजारीशेजारी, ठिपक्याच्या साडेतीन सेंटिमीटर खाली.

"जवळून एवढी खालीच लागणार," राइली म्हणाली. "भिंग नळीच्या वर आहे ना. ठिपका तेवढा वर धर."

वेइयो बाकावर बसला. टोपी काढून त्याने कपाळ पुसलं. त्याचे ताठलेले खांदे सैल झालेले मी नऊ महिन्यांनी पाहिले.

"वहिनी, सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत."

"मग माझे लिहा. आणि शाईने लिहा."

"कुत्र्याला विचारलंस का?" राइली म्हणाली.

मी शाईने लिहिलं.