पट्टीमागे दडलेली ओळ

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिच्या डॉक्टरांच्या वेबसाइटचं काम माझ्याकडेच होतं. एका सकाळी ती फोनवर व्यायामाचं पान उघडून बसली होती. वरच्या यादीतल्या ‘गुडघा’ या शब्दावर बोट ठेवलं की पान सरकन खाली जाई, आणि आई मान वाकवून, दाराच्या पडद्याखालून डोकावावं तशी फोनकडे बघे.

“काय शोधतेस गं?”

“या निळ्या पट्टीमागं काहीतरी लिहिलंय बघ. दिसतच नाही.”

खरंच, पानाच्या वर कायम चिकटून राहणाऱ्या त्या पट्टीमागे गुडघ्याच्या व्यायामाची पहिलीच ओळ दडली होती: ‘दुखलं तर लगेच थांबा.’ आई मात्र दात-ओठ खाऊन गुडघा वाकवत होती.

मी तिथेच लॅपटॉप घेऊन बसून वेबसाइटवर प्रत्येक मथळ्याच्या वर पट्टीच्या उंचीएवढी जागा सोडली. पान आता जरासं अलीकडे थांबू लागलं. माणसांपाशी जातानाही असं अलीकडे थांबता आलं, तर त्यांचं पहिलं वाक्य तरी नीट ऐकू येईल, असं वाटून गेलं.

आईने ती ओळ मोठ्याने वाचली आणि पाय लांब केला. “थांबायचं असतं होय! बरं झालं बाई, सांगितलंस.”

खरं तर पट्टीमागच्या ओळीचं सांगितलं होतं तिनेच. किती अनोळखी गुडघ्यांचं दुखणं तिने त्या सकाळी वाचवलं, हे तिला अजूनही ठाऊक नाही.