उत्तरेश्वर नेमका कुठं मेला

माणूस मेला की त्याची नोंद करावी लागते, आणि नोंद करायची तर तो कुठं मेला हे सांगावं लागतं. साखराबाईचं घोडं तिथंच अडलं. तिचा नवरा उत्तरेश्वर ऊसतोडीहून टेकवाडीला परतताना चालत्या ट्रकमध्येच गेला होता.

ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हा कोयता दर दिवाळीनंतर परमुलखात जायचा आणि उन्हाळ्यात गावी यायचा. अर्धं आयुष्य असं लोकांच्या शिवारात गेलं, म्हणून उत्तरेश्वरचं एकच मागणं होतं, की मरण तरी गावात यावं. साखराबाईनं आता तेच धरलं होतं. मृत्यूच्या दाखल्यावर टेकवाडीच पाहिजे, दुसरं गाव नको. बाई मोठी हेकट. गाढव एकवेळ वळेल, पण ही नाही, असं तिची सासूच म्हणायची.

टेकवाडीचे ग्रामसेवक, म्हणजे भाऊसाहेब, भला माणूस होता, पण नियमाला पक्का. त्यांनी सगळ्या टोळीला ग्रामपंचायतीत बोलावलं आणि विचारलं, "त्यांना शेवटचं जिवंत कुणी पाहिलं?"

झालं. साखराबाईचं काम व्हावं म्हणून एकेकानं उत्तरेश्वरला गावाकडं ढकलायला सुरुवात केली.

"केजला म्या माझ्या हातानं चहा पाजला की," टोळीचा मुकादम गहिनीनाथ म्हणाला. "साखर कमी हाय म्हणून शिवी बी दिली."

मुकादम बोलला म्हटल्यावर ट्रकचा डायव्हर हनुमान कसा मागं राहील? "धारूरच्या घाटात गाडी उभी केलती. खाली उतरून बिडी वडली त्यांनी."

"आन् तेलगावला भेळ," टोळीतला माऊली म्हणाला. "मिरची लई हाय म्हणले."

अजून दोघं-तिघं बोलले असते, तर उत्तरेश्वर घरी येऊन अंघोळ करून झोपला असता.

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "एवढा ठणठणीत माणूस मेला कावून?"

मग कोपऱ्यात बसलेली साखराबाई बोलली. "खोटं बोलत्यात समदे. केज यायच्या आधीच गेले ते. माझ्या मांडीवर डोकं होतं."

"मग तवाच सांगितलं कावून न्हाई, वहिनी?" गहिनीनाथनं विचारलं.

"सांगितलं असतं तर गाडी उभी राहिली असती. परक्या गावात दवाखाना, पोलीस, चिरफाड. म्हणून बोलत राहिले त्यांच्याशी. म्हणले, पावसाच्या आधी पत्रे नीट करू, शेळी व्यायला झाली असंल. हनुमान दोनदा चहाला थांबू म्हणला. मी म्हणले, त्यांचा आत्ताच डोळा लागलाय, थांबू नको. हुंदका आला तर पदर तोंडात कोंबला. गावात आल्यावर बी रडले न्हाई. रडताना तोंडातून खरं निघून जातं."

भाऊसाहेबांनी कपाटातून नियमाचं पुस्तक काढलं, बोट ठेवून वाचलं आणि पुन्हा वाचलं. "चालत्या गाडीत माणूस गेला, तर त्यानंतर गाडी पहिल्यांदा जिथं थांबते, तिथं नोंद करायची. तुमची गाडी कुठं थांबली?"

"आपल्या गावच्या मारुतीपुढं," साखराबाई म्हणाली.

"आणि केजचा चहा? घाटातली बिडी?"

प्रेमापोटी थांबवलेली गाडी आता साखराबाईच्याच मुळावर येत होती.

"चहा जातानाचा हो, भाऊसाहेब," गहिनीनाथ घाईनं म्हणाला. "दिवाळीतला."

"घाटात गाडी थांबूच शकत न्हाई," हनुमान म्हणाला. "बिरेकच लागत न्हाईत तिचे."

भाऊसाहेबांनी माऊलीकडं पाहिलं.

"भेळ म्या खाल्ली," माऊली म्हणाला. "चालत्या गाडीत. मिरची मलाच लागली."

इतकं खोटं एका दमात मागं घेतलेलं त्या कचेरीनं कधी पाहिलं नसेल. भाऊसाहेबांनी ते सगळं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, दाखला लिहिला आणि शिक्का मारला.

"वाचून दाखवा," साखराबाई म्हणाली.

"मृत्यूचे ठिकाण, टेकवाडी."

"आता हे कुणी बदलणार न्हाई ना?"

"न्हाई, मावशी."

तिनं दाखल्याची घडी करून पिशवीत घातली आणि पदर सारखा केला.

"मग आता रडलं तर चालंल?"

भाऊसाहेबांनी मान डोलावली. टोळी गुमान बाहेर जाऊन उभी राहिली.