धक्क्यासमोरची वाळू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — खरंच माहीत नाही. पण विषय एका जहाजाचा आहे, तर आधी जहाजाचंच सांगते.

जपानात, सेंदाई शहरात माझ्या खालच्या मजल्यावर कोबायाशी-सान राहायच्या. ऐंशी ओलांडलेल्या, पाठीतून वाकलेल्या आणि जिभेने तिखट. मी नवीन आले तेव्हा प्लास्टिकच्या कचऱ्यात काच टाकली, म्हणून ती पिशवी परत माझ्या दारात आणून ठेवणारी हीच बाई. मग काय, मैत्रीच झाली. चहा पिता पिता त्या वडिलांच्या जहाजाबद्दल सांगायच्या, दर वेळी त्याच क्रमाने, आणि ऐकताना मला गुंगी यायची.

ते जहाज लढायला निघायचंच नाही. ते सोबतीला असायचं. दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजं तांडा करून निघत आणि हे त्यांच्या कडेने चालायचं — रस्त्यावर आई मुलाला आत घेते आणि स्वतः गाड्यांच्या बाजूने चालते ना, तसं. आधी दक्षिणेकडून तेल आणलं. मग टॉर्पेडो लागला, कितीतरी दिवस गोदीत पडून होतं. बरं झाल्यावर उत्तरेकडून कोळशाच्या जहाजांबरोबर. आणि शेवटी, आमच्याच किनाऱ्यासमोर, कोळसा सुखरूप पुढे गेला आणि हे मागे राहिलं, वडिलांसकट बुडालं. घरी एक लाकडी पेटी आली. आत अस्थी नव्हत्या, एक दगड होता. कोबायाशी-सान तेव्हा रांगत होत्या.

दर ओबोनला, म्हणजे आपल्या पितृपक्षासारखंच ते, त्या ट्रेनने त्या जागेसमोरच्या एका धक्क्यावर जायच्या, समुद्रात थोडी साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतायच्या आणि वडिलांना हाक मारायच्या. एकदा मीही गेले होते. पाणी नुसतं चमकत होतं, आणि त्या एवढ्याशा बाईने "ओतोसान", म्हणजे बाबा, अशी केवढ्या मोठ्याने हाक मारली.

आता माझं काम. मी समुद्राच्या तळाचे नकाशे करते. बोटीतून आवाज खाली सोडायचा, तो परत आला की त्याचे लाखो ठिपके होतात. त्यात मासे येतात, बुडबुडे येतात — तो कचरा. तो माऊसने पुसत बसायचं, हे पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या कंत्राटी संशोधकाच्या नशिबी. एकदा असंच सपाट तळावर एक लांबट उंचवटा आला. माशांचा घोळका असेल म्हटलं आणि पुसला. खरंच तसं वाटलं होतं का? की बुडालेलं जहाज निघालं तर कळवा, पुन्हा तपासा, नकाशा लांबणार — म्हणून तसं वाटून घेतलं? आमच्या प्रोजेक्टच्या सरांना घाई होती. मला त्यांच्याहून जास्त होती. नकाशा छापून आला.

पण मी सांगायला बसलेय ते हे नाही.

काही महिन्यांनी कोबायाशी-सानना कुठूनतरी कळलं की त्यांच्या धक्क्यासमोरचा तळ आम्ही मोजलाय. चक्क माझ्या ऑफिसात आल्या, ठेवणीतला कोट घालून. तिथे काही दिसलं का, एवढंच विचारलं. बघून सांगते म्हटलं. त्या गेल्यावर मूळ डेटा उघडला, पुसलेले ठिपके परत आणले — आणि ते होतं. कुशीवर निजलेलं. पुढचं टोक, तोफेचा चौथरा, थोडं दूर पडलेला मागचा तुकडा. सगळं निळ्या-हिरव्या रंगात. किती वेळ बघत राहिले कोण जाणे. दार वाजलं तर ते जागं होईल, असं काहीतरी वाटत होतं.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, काही नाही तिथे, नुसती वाळू आहे.

का? जहाज दाखवलं असतं तर पुसल्याचंही दाखवावं लागलं असतं, आणि माझं काँट्रॅक्ट वाढायचं होतं. एवढंच. दुसरं काहीही नाही.

त्या रागावल्या नाहीत. पेटीकडे बघत हळूच म्हणाल्या, "म्हणजे जोशी-सान, इतकी वर्षं मी भलत्याच ठिकाणी हाक मारत होते."

पुढच्या ओबोनला मीच विचारलं, येऊ का सोबत, जाऊ या धक्क्यावर? हो — एवढी निर्लज्ज मी. त्या म्हणाल्या, "कुठे जायचं?" आणि टीव्हीचा आवाज वाढवला. नंतर कधीच गेल्या नाहीत. सांगायला मला कितीतरी दिवस मिळाले. एक जिना उतरायचा होता. माझं काँट्रॅक्ट वाढलं, मग नोकरी कायम झाली, आणि गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या. पेटीतला दगड त्यांच्या अस्थींबरोबरच पुरला.

ते जहाज अजून माझ्या झोपेत येतं. तांडा कधीच पुढे गेलेला असतो, पाणी शांत असतं, आणि डेकवर एक तरुण माणूस किनाऱ्याकडे कान लावून उभा असतो. हाक येत नाही. त्याला वाटत असेल, ही आज कशी आली नाही.

नकाशा अजून तोच आहे. तिथे वाळू आहे. ती मी टाकली.