आमच्या पिकअपच्या सवयी

आमच्या लेकीने पिकअप भिंतीवर घातली तेव्हा मागच्या हौद्यात दोनशे माणसांच्या स्वयंपाकाची भांडी होती. त्यामुळे अपघात लपवायचा म्हटलं तरी लपण्यासारखा नव्हता. धडक एकदाच वाजली. पातेली, पराती आणि झारे मात्र त्यानंतर बराच वेळ वाजत राहिले. इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत दुपारी झोपणारी माणसं पुष्कळ आहेत. ती सगळी बाहेर आली.

लग्नकार्याला भांडी भाड्याने द्यायचा आमचा धंदा. सुरू केला सासूबाईंनी, तेव्हा भांडी हातगाडीवरून जायची. लेक पहिलीत असताना मी ही पिकअप घेतली, तीही दुसऱ्याची वापरलेली, आणि ती चालवायला स्वतःच शिकले, कारण नवरा सरकारी कचेरीत आहे आणि त्याने आयुष्यात फायलींशिवाय काही पुढे ढकललेलं नाही. बारा वर्षांत मी कुणाच्या सायकललाही घासले नाही. हे मी दिवसातून एकदा तरी कुणाला तरी सांगतेच. गल्लीत एखादा नवा भाडेकरू आला की त्याला पाण्याची वेळ आणि माझा हा विक्रम एकाच दिवशी कळतो.

लेक अठरा वर्षांची झाली आणि तिने लायसन काढलं तेव्हा मला कोण आनंद झाला. या लग्नसराईत निम्म्या फेऱ्या तिने मारायच्या असं ठरलं. सुरगाण्याकडच्या एका गावाला लग्नाची मोठी ऑर्डर होती, आणि वणीच्या पुढचा घाट मी तिच्या हातात देणार होते. मी शेजारी बसणार, ती चालवणार. घाट चालवल्याशिवाय माणूस ड्रायव्हर होत नाही, असं माझं मत आहे आणि ते मी कुणी विचारण्याची वाट न पाहता देत असते.

त्याआधी एक सोपी फेरी म्हणून तिला गंगापूर रोडच्या एका हॉलवर मुंजीची भांडी पोचवायला सांगितलं. तोवर ती रिकामी गाडी सुट्टीच्या दिवशी मोकळ्या मैदानावर फिरवायची. भरलेली गाडी घेऊन एकटी निघायची ही पहिलीच वेळ. गाडी आमच्या दारातून निघाली आणि गल्लीच्या उतारावरून कोपऱ्यापर्यंत पोचली. कोपऱ्यावर वळायचं असतं. ती वळली नाही, थांबलीही नाही, सरळ निवृत्त मुख्याध्यापकांच्या कंपाउंडच्या भिंतीत शिरली.

त्या भिंतीवर मुख्याध्यापकांनी दिवाळीच्या आधीच पेठकडच्या एका चित्रकाराकडून वारली लग्न रंगवून घेतलं होतं. नवरा-नवरी घोड्यासकट गेले. वऱ्हाड अर्धं पडलं. तारपा वाजवणारा तेवढा वाचला, तो एका उभ्या राहिलेल्या तुकड्यावर एकटाच वाजवत होता. मुख्याध्यापक भला माणूस. त्यांनी आधी लेकीला लागलं नाही ना ते पाहिलं, तिला पाणी दिलं, आणि मग भिंतीकडे बघून चष्मा पुसला.

लेक पांढरीफटक पडली होती. मी पोचले तशी म्हणाली, “आई, मी ब्रेक दाबला होता. लागलाच नाही.”

सगळी गल्ली ऐकत होती. मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

लोक हसले. आणि खरं सांगायचं तर लोक हसले याचं मला बरं वाटलं. माझा विक्रम माझ्याजवळ शाबूत राहिला, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

रेडिएटर फुटला होता, बोनेट आत गेलं होतं, बंपर आडवा झाला होता. गाडी ओढत पाथर्डी फाट्याजवळच्या गॅरेजमध्ये नेली. मिस्त्री सिन्नरकडचा, हाताला सावकाश आणि तोंडाला त्याहून सावकाश. चार दिवस सांगितले म्हणजे किती ते मला अनुभवाने ठाऊक होतं. त्यालाही मी सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी तीच म्हण ऐकवली. तो पाना शोधत होता.

घरी लेकीने लायसन माझ्या कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं आणि जाहीर केलं की ती आता जन्मात गाडीला हात लावणार नाही. कॉलेजला बसने जाऊ लागली. मी म्हटलं, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. तिला ताळ्यावर आणण्याचा माझा उपाय म्हणजे तिचा किस्सा भेटेल त्याला सांगणं. दूधवाल्याला सांगितला, गिरणीत सांगितला, नणंदेला फोनवर सांगितला. हल्लीच्या मुलांचं लक्ष कुठे असतं, सगळं त्या मोबाईलमध्ये, असा त्याचा शेवट असायचा. अपघाताच्या वेळी तिचा मोबाईल घरात चार्जिंगला लावलेला होता. हे मला माहीत होतं, पण सांगण्याच्या ओघात ते राहून जायचं.

ती मात्र काही बोलायची नाही. ही मुलगी लहानपणापासून उलट उत्तर देण्यात माझ्यावर गेलेली. आता मी टोमणा मारला की ती ताट उचलून आत जायची. घरात इतकी शांतता आम्हाला कुणालाच सोसत नव्हती. सुरगाण्याच्या फेरीसाठी बाहेरचा ड्रायव्हर बघावा लागणार हे दिसतच होतं, पण मला खरी काळजी त्याची नव्हती. तिने स्टिअरिंग धरायला पुन्हा नकार दिला तर ते कायमचं, हे मला कळत होतं. हट्टीपणातही ती माझ्यावरच गेली आहे.

बाराव्या-तेराव्या दिवशी मिस्त्रीचा फोन आला, की जरा येऊन जा. गेले. नवा रेडिएटर बसवून त्याने गाडी पहिल्यांदा चालू केली होती आणि एका बाजूची दुसऱ्या बाजूला लावताना ती चहाच्या टपरीवर जाता जाता वाचली होती. टपरीवाला अजून बाहेर उभा राहून बघत होता.

ही गाडी चालवतं कोण, असं मिस्त्रीने विचारलं. मी म्हटलं, मी, बारा वर्षं, आणि कुणाच्या सायकललाही घासले नाही. मग त्याने मला आत बसवलं, गाडी दहा पावलं पुढे घ्यायला लावली आणि ब्रेक मारायला सांगितला. मी मारला. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

“लागतो की,” मी म्हणाले.

“ताई, दोनदा दाबला तुमी.”

“मग? या गाडीचा दोनदाच दाबायचा असतो.”

मिस्त्रीने हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं. पोरीला हे सांगितलं होतं का, असं त्याने विचारलं. मी पायाखालच्या ब्रेककडे पाहिलं. मग तो म्हणाला, “अंगणच वाकडं हाय, ताई. तुमाला त्याच्यावर नाचायची सवय झाली, एवढंच. बरं झालं गल्लीत धडकली. वणीच्या पुढं घाटात गेली असती, तर मी डेंटिंग कशाचं करणार व्हतो?”

मी गाडीतून उतरले. तिथे एक जुना टायर पडला होता, त्यावर बसले. टपरीवाल्याने न मागता चहा आणून दिला.

तीन वर्षं झाली असतील. पहिल्या दाबाला ब्रेक पोकळ जायचा, दुसऱ्याला धरायचा. सुरुवातीला एकदा दाखवू म्हटलं होतं, पण लग्नसराई होती. मग पायाला वळण पडलं आणि विषय संपला. मैदानावर लेक रिकामी गाडी इतकी सावकाश फिरवायची की तिला ते कधी जाणवलं नसावं. मी लेकीपासून लपवलं होतं असं नाही. मला ते आठवतच नव्हतं. माझ्या पायाला माहीत होतं, तोंडाला माहीत नव्हतं. अपघातानंतर तिने ब्रेक लागला नाही म्हटलं, तेव्हासुद्धा आठवलं नाही, इतकी मी म्हण सांगण्यात गुंतले होते.

एवढं कळल्यावर शहाण्या बाईने सरळ घरी जाऊन मुलीला जवळ घेतलं असतं. मी मिस्त्रीला ब्रेकचं सगळं काम करायला सांगितलं आणि हे कुणाला बोलू नका म्हणून बजावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरी येऊन भाजी चिरली. पुढचे चार-पाच दिवस मी स्वतःला रोज समजावत होते, की आता ब्रेक दुरुस्त होणारच आहे, तर जुनं उकरून कुणाचं भलं होणार? रोज पटायचं, आणि रोज पुन्हा समजवावं लागायचं. किस्सा सांगणं मात्र बंद केलं. एकदा गिरणीवाल्यानेच हसत हसत माझी म्हण मला ऐकवली, तेव्हा दळण तिथेच ठेवून घरी आले.

सुरगाण्याचं लग्न रविवारी होतं. नवरीचे वडील रोज फोन करायचे, “ताई, गाडी येल ना नक्की?” आणि मी रोज येईल म्हणायचे. शुक्रवारी सकाळी गाडी तयार झाली. आणायला मी आणि नवरा गेलो.

पहिल्या सिग्नलला मी नेहमीसारखा ब्रेक दाबला, एकदा अंदाजाने आणि दुसऱ्यांदा जोरात. नव्या ब्रेकने पहिल्याच दाबाला गाडी धरली होती. दुसऱ्या दाबाला ती भर रस्त्यात गाडल्यासारखी थांबली. नवऱ्याचं कपाळ काचेवर. मागून एक स्कूटरवाला येत होता, पायाशी कोथिंबिरीच्या जुड्या ठेवून. तो येऊन आमच्या हौद्याच्या मागच्या फाळक्यावर आदळला. त्याला लागलं नाही. कोथिंबीर रस्ताभर झाली. फाळक्याला पोचा पडला आणि बारा वर्षांचा विक्रम, ब्रेक ठणठणीत असताना, माझ्याच पायाने मोडला.

त्या माणसाने कोथिंबीर गोळा केली आणि खिडकीशी येऊन शांतपणे विचारलं, “बाई, पाय हे का हातोडा?” मी काच वर केली. मला उत्तर न सुचल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा, कारण नवरा कपाळ चोळायचं थांबवून माझ्याकडे बघायला लागला.

थोडं पुढे आल्यावर तो म्हणाला, “दोनदा दाबलास.”

म्हणजे यालाही ठाऊक होतं. तुम्ही कधी बोलला का नाहीत, असं मी फणकाऱ्याने विचारलं. तर म्हणे, त्याला वाटायचं सगळ्याच गाड्यांचं तसं असतं.

गल्लीत आलो तर कोपऱ्यावर मुख्याध्यापकांच्या भिंतीला गवंडी विटा लावत होता. मुख्याध्यापक खुर्ची टाकून देखरेख करत होते आणि लेक गवंड्यासाठी चहा घेऊन उभी होती. भिंत पडली त्या दिवसापासून ती तिथे काही ना काही करत असायची. तिने गाडीला वळसा घातला, मागचा पोचा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं. स्कूटरवाल्याची चूक, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. साक्षीदार एकच, आणि तो कपाळाला टेंगूळ घेऊन शेजारी. तो काही बोलला नसता.

“त्या दिवशी ब्रेक लागला नव्हता,” मी म्हणाले. “तीन वर्षं पहिल्या दाबाला लागत नाही. मला माहीत होतं आणि मी तुला सांगितलं नाही.”

गवंड्याची थापी थांबली. लेक कप हातात धरून उभी राहिली. मग तिने अगदी हळू विचारलं, “मग माझं काय चुकलं होतं?”

“काही नाही,” मी म्हणाले. इतके दिवस ही मुलगी हा प्रश्न घेऊन बसमधून कॉलेजला जात होती, आणि मला लाज वाटली. तेही तिथेच सांगून टाकलं, की मला लाज वाटते.

ती रडली नाही. घरात गेली. मला वाटलं, आता दोन-चार दिवसांचा अबोला. पण जेवणं झाल्यावर ती वही घेऊन समोर येऊन बसली. वहीत लायसन होतं. म्हणाली, “सुरगाण्याला मीच चालवणार आहे. आधी या गाडीत काय काय बिघडलंय ते सगळं सांग.”

मी म्हटलं, बाकी काही बिघडलेलं नाही, फक्त काही सवयी आहेत. तेच मला लिहायचं आहे, म्हणाली.

मग तिला ठाऊक असलेल्याही धरून मी सगळ्या सांगत गेले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून उघडत नाही, काच खाली करून हात बाहेर घालावा लागतो. तिसरा गिअर आधी चौथ्याला विचारून घ्यावा लागतो. डिझेलचा काटा अर्ध्यावर असला की टाकी रिकामी समजायची. उजव्या आरशात मागचं दिसतं, पण थोडं वरचं. डावं इंडिकेटर पावसात उजवं लागतं. मिस्त्रीने यातलं काही केलं असेल, काही नसेल. मला सांगताना थोडी मजाच येत होती. ती हसत नव्हती, नंबर घालून लिहीत होती. बारीकसारीक धरून नऊ झाले. मी म्हटलं, संपलं.

ती पेन तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. “आणखी?”

नवरा आत अंथरूण घालत होता. मी जरा वेळ पदराशी चाळा केला.

“अंधार पडला आणि समोरून गाडीचे दिवे आले,” मी म्हणाले, “की मला उजव्या डोळ्याने काही दिसत नाही. मी डावीकडची कडा बघून चालवते.”

तिने दहा नंबर घातला आणि ते लिहिलं. मग वर न बघता विचारलं, “हे कधीपासून?”

“ब्रेकच्या आधीपासून,” मी म्हणाले.