ताम्हणातली काडतुसं

माणसाला माफ करावं, असं आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे वडील. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा, सभांच्या दारात वाटलेली पत्रकं वाचत वाढलेला. त्या पत्रकांत माफी हा शब्द मला कुठे भेटला नव्हता.

पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झाल्यावर आबांनी धुळ्यात बंदूकदुरुस्तीचं परवान्याचं दुकान टाकलं. पारोळ्याकडच्या एका कापसाच्या जिनमालकाचं रिव्हॉल्व्हर दसऱ्याआधी त्यांच्याकडे साफसफाईला यायचं. दसऱ्याला मालकाच्या अंगणात शस्त्रपूजा व्हायची आणि पूजा आटोपली की तो हवेत बार काढायचा. आम्हा बापलेकांनाही बोलावणं असे.

त्या वर्षी तिन्ही बार फुसके निघाले. गर्दीतून एक जण ओरडला, "भाऊ, गोळी निंघनी का नुसता वास निंघना?"

अख्खं अंगण हसलं. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रात अडकून बसल्या होत्या, काडी घालून ठोकून काढाव्या लागल्या. तिन्ही तोंडाशी उभ्या चिरलेल्या. मालकानं त्या आबांच्या अंगावर फेकल्या.

"हाई काय करी ठेवं तुम्ही? चक्र घासीसन मन्ही बंदूक बिघाडी टाकी!"

आबांपेक्षा वयानं कितीतरी लहान माणूस. पुंगळ्या मी मातीतून वेचल्या.

बोभाटा जळगावपर्यंत गेला. दुकानात बंदुका यायच्या बंद झाल्या. आबा सकाळी दुकान उघडत, स्वच्छ असलेल्याच कानशी पुन्हा पुसत आणि संध्याकाळी फळ्या लावत.

मी खिडकीच्या उजेडात भिंग घेऊन बसलो. मला मालकाचाच गुन्हा सापडायला हवा होता. आबांनी ते ओळखलं. "तुला हवं ते नको बोलू. पुंगळी सांगते तेवढंच बोल."

काडतूस बसतं ते चक्रातलं घर घासून मोठं झालं असतं, तर पुंगळी फुगली असती. मापून पाहिली, फुगली नव्हती. चक्र सरकलेलं असतं, तर पुंगळीच्या बुडाच्या टोपीवर उमटलेली पिनेची खूण कडेला गेली असती. ती बरोबर मधोमध होती. मग चिरेची कड पाहिली. बार उडताना फाटलेलं पितळ आतून पिवळंधमक दिसतं. ही कड काळी-हिरवी. म्हणजे बार उडायच्या आधीच काडतूस चिरलेलं होतं आणि चिरेतून ओल शिरून आतली दारू सर्दावली होती.

"पण चिरलं कशानं?"

"पोलिसात असताना आम्हाला तबेल्याजवळ काडतुसं ठेवायला बंदी होती," आबा म्हणाले. "जनावराच्या मुतानं पितळ तडकतं."

मला शस्त्रपूजेतलं ताम्हण आठवलं. काडतुसं सहजी मिळत नसत, म्हणून मालक एकच पेटी वर्षानुवर्षं पुरवायचा. दर दसऱ्याला अख्खी पेटी ताम्हणात ओतायची, वर गोमूत्र शिंपडायचं आणि तशीच ओली परत भरून ठेवायची. शस्त्र पवित्र करता करता त्यानंच ते कुजवलं होतं.

मी रागारागानं पत्रक लिहून छापून आणलं. आबांनी गठ्ठा उचलून माळ्यावर टाकला. "कागद कशाला? काडतूस दाखव."

वर्षभर मी पुंगळ्या खिशात घेऊन हिंडलो. एसटीत बसलो की मांडीला टोचायच्या. बरं वाटायचं.

पुढच्या दसऱ्याला बोलावणं नव्हतं. मी आबांना ओढत नेलं. गोमूत्र शिंपडून झालं होतं. मालकाचा हात पोचायच्या आत मी ताम्हणातलं एक काडतूस उचललं, पुसलं आणि गेल्या वर्षी ओरडलेल्या त्याच माणसाच्या हातात दिलं.

"हे अजून उडालेलं नाही. उन्हात धरा. तोंडाशी काय दिसतं?"

त्यानं डोळे बारीक केले. "चिरेल शे!" मग तो ताम्हणातलं एकेक काडतूस उचलून बघू लागला. "बठ्ठाच चिरेल शेतस! भाऊ, आते तर वास बी निंघाव नही!"

या वेळी अंगण हसलं ते थांबेचना. मी खिशातल्या पुंगळ्या ताम्हणात टाकल्या आणि चिरा कशानं पडतात ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पुजाऱ्यानं गोमूत्राचा तांब्या हळूच पाटाखाली सरकवला.

"इथंच बोलला होतात," मी मालकाला म्हटलं. "इथंच परत घ्या."

मान खाली घालून तो पुटपुटला, "आबा, चूक मन्ही शे."

आबांनी माझा दंड धरला. "झालं. चल."

मला स्वच्छ ऐकू आलं होतं. तरी मी दंड सोडवून घेतला आणि म्हणालो, "मोठ्यानं. मागच्यांना ऐकू गेलं नाही."