चोवीस तास ‘ण’

“सॅम्पल फ्लॅट कुठेय?” सभेला आलेल्या पहिल्याच गृहस्थांनी विचारलं. सोबत बायको, सासू आणि मेजरिंग टेप.

सभा परवडणाऱ्या घरांची होती, पण विकायला घर एकही नव्हतं. जूचंद्रजवळच्या एका जागेवर आरक्षण आहे. आरक्षण म्हणजे नकाशावरची खूण: इथे कमी कमाईवाल्यांसाठी लहान घरंच बांधायची. ती खूण काढा, अशी एका बिल्डरची मागणी होती आणि शनिवारी त्यावर सुनावणी. कोणी फिरकलंच नाही, तर कोणाची हरकत नाही असं धरून खूण पुसली जाणार. म्हणून माणिकपूरचे एक रिटायर्ड शिक्षक, फ्रान्सिस सर, लोकांना जागं करायला निघाले होते. आवाज माझा.

माझा धंदाच आवाजाचा. रिक्षावर भोंगा लावून जाहिरात फिरते ना, ती मी रेकॉर्ड करते. आम्ही त्याला स्पॉट म्हणतो. वसई-विरारमधल्या निम्म्या बिल्डिंगा माझ्या तोंडून विकल्या गेल्यात. “स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं! चोवीस तास पाणी!” मी स्वतः भाड्याने राहते. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की टेम्पो बोलवायचा. यंदा तर मालकाने आधीच सांगून ठेवलंय, दुसरं बघा. तेव्हा सरांचं काम मी काही समाजसेवा म्हणून घेतलं नव्हतं. त्या जागेवर घरं झाली तर पहिला अर्ज माझा.

सभा चहाच्या आधीच फिसकटली. “घर नाही तर बोलावलंत कशाला?” म्हणत टेपवाले उठले, मागोमाग बाकीचे. एक बाई मात्र माझ्यापाशी थांबल्या.

“तुम्हीच ना त्या, स्टेशनपासून पाच मिनिटं?”

“हो.”

“एकदा चला माझ्यासोबत. चालत.”

मी चहाचं बघायला गेले.

भोंग्याची रिक्षा चालवणाऱ्या यादवजींनी निदान केलं. “मॅडम, आपकी आवाज सुनते ही लोग बुकिंग पूछते हैं. मैं क्या बोलूँ?” खरंच होतं. ‘परवडणारी घरं’ हे शब्द आणि वर माझा आवाज. लोकांना बिल्डरच आठवणार.

सर हळूच म्हणाले, “कल्पना, दुसऱ्या कोणाचा आवाज घ्यायचा का?”

डोकंच फिरलं माझं. इतकी वर्षं घासून कमावलेला आवाज, आणि तो माझ्याच घराच्या आड यावा? तशीच तणतणत अर्नाळ्याला आईकडे गेले. आई मासळी विकते. आमच्या घरच्या बोलीत ण नाही, न आहे. ण मी स्टुडिओत शिकले आणि आईला तो कधी पचला नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, “तुज्या घरात पानी टँकरचं, नि ण मातर चोवीस तास! माज्यासारी बोल की. मी हाक मारली तं कोन बुकिंग इचारतं?”

दुसऱ्या दिवशी नवा स्पॉट केला.

“आयका गो बायांनो! पोराचं लगीन ठरलं, सून येनार. झोपनार कोन कुठं? जूचंद्रला लहान घरांची जागा हाय, ती चाललीय हातची. शनवारी सुनावनीला या. आज घर इकत नाय. घर मागायला या!”

“ताई, ण गेला. रीटेक?” रेकॉर्डिस्टने विचारलं.

“जाऊ दे त्याला.”

शनिवारी हॉल भरून माणसं जिन्यात उभी होती. टेपवालेही आले. खरं तर त्यांच्या सासूबाईंनी त्यांना ओढून आणलं होतं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, कोणाला बोलायचंय? सासूबाई उठल्या. “मी जावयाकडे राहते. रात्री ओटा पुसला की त्याच्याखाली झोपते. एवढं लिहून घ्या.” आणि बसल्या. जावई खाली बघत होते. मग एकेक जण उठत गेला.

काही दिवसांनी निकाल आला. खूण राहिली.

त्याच आठवड्यात त्याच बिल्डरच्या ऑफिसातून फोन. “मॅडम, त्या भोंग्यावरच्या नव्या बाई कोण हो? काय पब्लिक खेचलं! आमच्या पुढच्या प्रोजेक्टला तोच आवाज पाहिजे. त्यांचा पत्ता मिळेल?”

“दर अकरा महिन्यांनी बदलतो,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

जागेवर अजून गवतच आहे. घरं उठायला वेळ लागेल, तोवर टेम्पोवाल्याचा नंबर मी सेव्ह करून ठेवलाय. धडा म्हणाल तर एवढाच: घर विकायला ण लागतो, मागायला न पुरतो.