पाणी सातवर, माणूस तळघरात

आठ मजली ऑफिसच्या तळघरात चिलर नावाचं एक धूड होतं. पाणी थंड करून ते वरच्या मजल्यांना पाठवायचं, म्हणजे तिथली हवा गार राहायची. त्या धुडाशेजारी टेबल टाकून एक गृहस्थ बसायचे. त्यांचं खरं आडनाव फक्त पगाराच्या स्लिपवर उरलं होतं. सगळी इमारत त्यांना गारठेकाका म्हणायची.

काकांचं काम वरकरणी सोपं. वर जाणारं पाणी किती डिग्रीचं असावं ते पॅनेलवर ठरवायचं. आकडा बहुधा सात. त्याच्या फार खाली गेलं तर पाणी आतल्या आत गोठून नळ्या फुटायच्या, म्हणून पॅनेलला पासवर्ड, आणि पासवर्ड एकट्या काकांच्या डोक्यात. पाणी सांभाळणं हा काही त्रास नव्हता. त्रास होता पाण्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसांचा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई भर उन्हाळ्यात शाल लपेटून बसायच्या. त्यांच्याच डोक्यावर, चौथ्या मजल्यावर, विक्री विभागाचे साहेब रुमालाने मान पुसत बसायचे. (शालवाल्या बाईंचं आणि या साहेबांचं एकेकाळी जमणार होतं असं लोक म्हणायचे. बरं झालं जमलं नाही, एका घरात पंख्यावरून खून पडला असता!) दोघांचा फोन एकाच वेळी तळघरात. आणि पाणी तर सगळ्यांना एकच!

एकदा वैतागून काका म्हणाले, "केलं हं बाई, गारवा कमी केला," आणि बोटसुद्धा हलवलं नाही. थोड्या वेळाने बाईंचा पुन्हा फोन. "आता कसं बरं वाटतंय! तुमच्या हाताला गुण आहे हो काका."

झालं. त्या दिवसापासून काकांनी पॅनेलला हात लावणं सोडलं आणि तोंडाने इमारत चालवायला सुरुवात केली. बाईंना "कमी केलं", साहेबांना "वाढवलं", सहाव्या मजल्याला "बघतोच". सगळे खूश. दिवाळं निघायचं ते फक्त खरेपणाचं, आणि त्याची चौकशी कोण करतंय?

मग काकूंना बँकेत बढती मिळाली आणि त्यांची बदली लांबच्या गावी झाली. नशीब असं, की काकांच्या कंपनीचं छोटं ऑफिस त्याच गावी उभं राहत होतं आणि तिथल्या चिलरवर माणूस हवा होता. महिनाअखेरपर्यंत जागा भरायची होती. काका मॅनेजरकडे गेले.

"तुम्ही गेलात तर इथलं पाणी कोण बघणार?" मॅनेजर म्हणाले. "चिलर आपोआप चालेल अशी सोय करून द्या, लगेच सोडतो."

काकांच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. बाहेर गारवा असला की पाणी आपोआप दहावर चढावं, ऊन तापलं की सातवर उतरावं, असा प्रोग्राम त्यांनी पॅनेलमध्ये बसवला. पहिल्यांदा तो भलताच वागला. संध्याकाळी बाहेर थंडी असूनही पाणी सातवरून हलेना. बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर होता, तो भिंतीची गरमी मोजत होता! काकांनी तो उत्तरेच्या सावलीत नेला. मग आकडा एकदम उडी मारायचा, त्याला हळूहळू सरकायची शिस्त लावली. शेवटी मशीन असं चालू लागलं, की काका नुसते बघत बसले. रात्री काकूंना फोनवर म्हणाले, "आता आलोच बघ."

"या तर," काकू म्हणाल्या. "नाहीतर त्या धुडालाच कुंकू लावा."

दुसऱ्या दिवशी काकांनी पाण्याचा आलेख मॅनेजरपुढे ठेवला. मॅनेजर हसत सुटले.

"काका, कुणाला बनवताय? परवा मी फोन केला, केबिन तापलीय म्हणून. तुम्ही 'केलं साहेब' म्हणालात आणि दोन मिनिटांत गार! आणि मशीन आपोआप चालतं म्हणता?"

काकांची पंचाईत झाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! गप्प बसावं तर बदली नाही. बोलावं तर मॅनेजरसाहेबांना तोंडावर सांगायचं, की तुम्हाला आम्ही इतकी वर्षं शब्दांची हवा घातली.

मधला मार्ग म्हणून काकांनी फोनवर खरं बोलायचं ठरवलं. "बाई, आता मी काही करत नाही. मशीनच ठरवतं."

"मशीनला माझी सर्दी कळते का?" बाई कडाडल्या आणि शिंकल्यासुद्धा. चौथ्या मजल्यावरच्या साहेबांनी घरून टेबलफॅन आणला. तक्रारींचा पाऊस पडला आणि मॅनेजरने निकाल दिला, "तुमचा प्रोग्राम फसला."

आता मात्र काकांनी दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. मॅनेजरचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा मॅनेजरसारखा.

"म्हणजे माझी केबिन..."

"पाणी सातवरच होतं साहेब."

"हे बाहेर बोलू नका," मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाले. "मी बदली माणूस आणून बघतो. तो टिकला तर तुम्ही मोकळे."

बदली माणूस आला. चिलरच्या कामात तरबेज, आणि बोलण्यात सरळसोट. त्याला लगेच खरेबुवा नाव पडलं. काकांनी त्याला जीव तोडून शिकवलं. "अहो, नुसतं 'केलं' म्हणा."

"पण केलं नसताना केलं कसं म्हणू?"

"जसं घरी म्हणता तसं."

"घरी मी करतोच ओ," खरेबुवा म्हणाले. अशा माणसापुढे काय डोकं आपटणार! खरेबुवांनी शालवाल्या बाईंना सांगितलं, "पाण्यात दोष नाही मॅडम, तुम्हीच अशक्त आहात." बाई रडत मॅनेजरच्या केबिनमध्ये.

महिनाअखेरीस काकांना वर बोलावणं आलं.

"पाणी थंड करणारी माणसं मला ढिगाने मिळतील, काका," मॅनेजर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "पण या इमारतीला तुम्हीच लागता. आणि त्या गावचं ऑफिस लहान, तिथे फोन करणारं कोणी नाही. तिथे खरेबुवांना पाठवतोय."

खरेबुवा निरोप घ्यायला तळघरात आले. "त्या गावी मला कोणी ओळखत नाही," ते म्हणाले. "तुमच्या माहितीतलं आहे का कोणी?"

"आहे," काका म्हणाले. "बायको."

काकांनी कागद ओढला आणि घराचा रस्ता काढायला घेतला. स्टँड काढला, समोरचा मोठा रस्ता काढला. त्यापुढे त्यांना काही काढता येईना. ते एकदाच गेले होते, सामान पोचवायला, आणि टेम्पोत मागे कपाट धरून बसले होते.

"पुढचं तिलाच विचारा," ते म्हणाले. "आणि सांगा, की..."

बराच वेळ खरेबुवा पिशवी हातात घेऊन थांबले. हा माणूस निरोप जसाच्या तसा पोचवणार, एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही, हे काकांना ठाऊक होतं. म्हणूनच त्यांना काही सुचेना.